रकाना 'इतर'

गिऱ्हाइकाचा खिसा हलका व्हावा म्हणून अमेरिकेने एकदा सणच हलवला. १९३९च्या नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. तेव्हा शेवटच्या गुरुवारी येणारा थँक्सगिव्हिंग ३० तारखेला गेला, तर त्यानंतर सुरू होणाऱ्या नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतील, अशी दुकानदारांची रड. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टांनी तो आठवडाभर अलीकडे ओढला.

न्यू जर्सीतल्या आमच्या वहिनींचं नाताळचं अंदाजपत्रक मात्र जागचं हलत नाही. एक्सेलमध्ये झाड, दिवे, केक, भेटवस्तू, सगळं चोख. फक्त शेवटचा 'इतर' हा रकाना बाकीच्या बेरजेहून मोठा! जानेवारीत क्रेडिट कार्डाचं बिल आलं, की दादा देवापुढे बसतो. ज्याचा वाढदिवस तो गोठ्यात जन्मला. हप्ते फेडतोय आमचा दादा.