मूर्ख कारखानदार हवे आहेत

खानदेशातल्या अमळनेरला 1916 साली एका गिरणीमालकाने तत्त्वज्ञानाची संस्था काढली. श्रीमंत प्रताप शेठ हे त्यांचं नाव. गिरणीला कापूस लागतो, कोळसा लागतो, कामगार आणि गिऱ्हाईक लागतं. अद्वैत वेदान्तावर विचार करत बसणारी माणसं जगातल्या कोणत्याही गिरणीला लागत नाहीत. तरी शेठजींनी ती जमवली आणि त्यांच्या अभ्यासाची सोय केली. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा पहिल्या रांगेतला तत्त्वज्ञ संचालक म्हणून या तालुक्याच्या गावी येऊन राहिला. घ. र. मलकानींनी तर इथेच आयुष्य काढलं आणि इथूनच 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे इंग्रजी नियतकालिक चालवलं. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी याच तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला. गावच्या शाळेत ते मास्तर झाले ते नंतर.

आजच्या कुठल्याही व्यवस्थापन सल्लागाराला विचारा, तो या उद्योगाला एकच नाव देईल: मूर्खपणा. एक मीटर कापड त्यातून जास्त विकलं गेलं नसेल. मला या मूर्खपणाची स्तुती करायची आहे, आणि ती मनापासून करायची आहे. मोठ्या कंपन्या समाजाचं काही देणं लागतात का, या प्रश्नावर शहाण्या माणसांनी पुष्कळ लिहिलं आहे. माझ्या मते त्याचं उत्तर मूर्खांनी दिलेलं आहे, आणि तेही कुणी विचारण्याच्या आधी.

शहाण्यांचं उत्तर आपल्याकडे कायद्यात आहे. 2013 च्या कंपनी कायद्याचं 135 वं कलम 1 एप्रिल 2014 पासून लागू झालं. ज्या कंपनीचं नक्त मूल्य किमान 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा नफा 5 कोटी, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. कशावर करायचे याची यादी सातव्या परिशिष्टात आहे. हा कायदा मी टाकाऊ मानत नाही. त्या पैशातून दवाखाने उभे राहिले, पाझर तलावांतला गाळ निघाला, मुलींना सायकली मिळाल्या. पण नीतीला टक्केवारी लागली की माणूस टक्केवारी पाळतो आणि नीती सुटते. दोन टक्के कुठे गेले याचा अहवाल संचालक मंडळापुढे येतो. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे आले हे त्या अहवालात कुणी विचारत नाही.

प्रताप शेठांचा प्रस्ताव आज एखाद्या कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या, म्हणजे सीएसआर, समितीपुढे आला असता तर काय झालं असतं? लाभार्थी किती? प्रति लाभार्थी खर्च किती? मार्चअखेर काय दाखवता येईल? या तीन प्रश्नांत तत्त्वज्ञान मंदिर बसत नाही. यात समितीवर बसलेल्यांचा दोष नाही, ती भली माणसं असतात. त्यांच्या हाती मोजपट्टी दिलेली असते आणि जे मोजता येईल तेच देण्याची त्यांना मुभा असते.

मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत या मोजपट्टीचं काम मला जवळून पाहायला मिळालं. व्हरांड्यात पाणी शुद्ध करण्याचं स्टीलचं यंत्र होतं. त्याच्यावर भिंतीत बसवलेला ग्रॅनाइटचा फलक यंत्राहून रुंद होता. त्यावर कंपनीचं बोधचिन्ह, तीन मान्यवरांची नावं आणि तारीख होती. उद्घाटनाच्या फितीचा एक तुकडा नळाला अजून बांधलेला होता. मुलं मात्र मैदानाच्या कडेच्या हापशावर बाटल्या भरत होती. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, फिल्टर बदलायचा असतो दर काही महिन्यांनी. यंत्र देणारे आले. फिल्टर देणारं कुणी येईना. मी फोन केला तर म्हणाले, ते मागच्या वर्षीचं प्रोजेक्ट होतं." ते रागावून बोलत नव्हते, यंत्राचं त्यांना अप्रूपच होतं. पावसाळ्याच्या तोंडावर हापशाचं पाणी गढूळ येतं, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

या देणगीत फसवणूक कुठेही नाही. पैसे दिले गेले, यंत्र आलं, पावती आहे, छायाचित्र आहे. शहाणपणाच्या हिशोबाने काम पूर्ण झालं. दर सहा महिन्यांनी फिल्टरचे पैसे पाठवत राहील, वर्षानुवर्षं, ज्याचा फोटो निघत नाही अशा कामासाठी, असा कुणी मूर्ख त्या कंपनीत नव्हता.

असे मूर्ख पूर्वी होते. नागपूरची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. तिथे कामगार वाटेल तेव्हा गैरहजर राहत. त्या काळाचा शहाणा उपाय दंड आणि हकालपट्टी हा होता. जमशेटजी टाटांनी 1886 साली कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि 1895 पासून अपघातात जखमी होणाऱ्याला भरपाई द्यायला सुरुवात केली. असा कायदा या देशात 1923 साली झाला. 1912 साली टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस आला, आणि कामाच्या तासांवर तशी मर्यादा साऱ्या देशातल्या कारखाना-कामगारांना कायद्याने मिळायला पुढे काही दशकं गेली. कायद्याने सांगितलेलं नसताना, शेजारच्या गिरण्या करत नसताना, स्वतःचा खर्च वाढवून घेणं, याला बाजारात काय म्हणतात ते सांगायला नको. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की, नफा झाल्यावर त्यातून काढलेलं हे दान नव्हतं. माणसाला माणसासारखं वागवण्याचा खर्च त्यांनी कापसाच्या आणि कोळशाच्या खर्चात धरला होता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या उजाड माळावर वसाहत वसवली, ती किर्लोस्करवाडी. निवडुंग तोडून रस्ते केले, घरं बांधली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमलं. आज एखाद्या मनुष्यबळ अधिकाऱ्याने हे केलं तर दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःची नोकरी शोधावी लागेल.

आता शहाण्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी सप्टेंबर 1970 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मासिक पुरवणीत मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कंपनीचा अधिकारी हा भागधारकांचा नोकर. समाजसेवेवर तो जे उधळतो ते त्याचं नसतं. भागधारकाचा लाभांश, गिऱ्हाइकाचा पैसा किंवा कामगाराचा पगार कापून तो स्वतःची हौस भागवतो. दान करायचं असेल तर ज्याने त्याने घरचं करावं, कंपनीने नियम पाळून नफा मिळवावा. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. प्रताप शेठांची उदारता ही एका माणसाची उदारता होती आणि हजारो भागधारकांची कंपनी म्हणजे एक माणूस नव्हे, हे मला मान्य आहे.

पण फ्रीडमन यांच्या हिशोबात एक देणं धरलेलं नाही. कंपनी ही चीज निसर्गात उगवत नाही. समाज कायदा करतो तेव्हा ती जन्माला येते, आणि जन्मतःच तिला एक सवलत मिळते. टपरीवाल्याचा धंदा बुडाला तर त्याच्या बायकोच्या बांगड्या जातात. कंपनी बुडाली तर भागधारकाचं नुकसान त्याने गुंतवलेल्या पैशापुरतं. त्याच्या घराला कुणी कुलूप लावत नाही. पलीकडचा तोटा सावकार बँका, माल पुरवणारे आणि कामगार सोसतात, म्हणजे समाजच सोसतो. ही मर्यादित जबाबदारी समाजाने उगाच दिली नाही. धंदा वाढावा आणि त्यात सगळ्यांचं भलं व्हावं या भरवशावर दिली. इतकी मोठी सवलत घेऊन झाल्यावर 'आमचं देणं फक्त भागधारकाला' असं म्हणणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. समर्थांनी दासबोधात मूर्खलक्षणांच्या पुढे पढतमूर्खांचा एक वेगळा समास लिहिला, तो मला इथे जास्त कामाचा वाटतो.

अमळनेरचीच दुसरी गोष्ट. 1945 साली याच गावात मोहम्मद हाशिम प्रेमजींनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. 1966 साली वडील अचानक गेले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी परदेशातलं शिक्षण अर्धवट सोडून परत आले. त्या तुपाच्या कारखान्याची पुढे विप्रो झाली. गावातल्या ज्या घरांनी जुने शेअर जपून ठेवले ती घरं कुठल्या कुठे गेली, हे खानदेशात सगळ्यांना ठाऊक आहे. 2019 पर्यंत प्रेमजींनी विप्रोतल्या मालकीच्या सुमारे 67 टक्क्यांचं उत्पन्न आपल्या फाउंडेशनला बांधून दिलं होतं. त्या फाउंडेशनने चकाचक खासगी शाळांची साखळी न काढता सरकारी शाळांतल्या मास्तरांबरोबर काम धरलं. 2024 साली कर्नाटक सरकारबरोबर करार करून सरकारी शाळांतल्या मुलांना आठवड्यात आणखी चार दिवस अंडी देण्यासाठी तीन वर्षांत सुमारे 1500 कोटी देण्याचं ठरवलं. अंडं मुलाच्या पोटात जातं. त्याच्यापुढे फीत कापता येत नाही, त्याची इमारत राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यावं लागतं. फिल्टर पाठवत राहणारा माणूस मी याला म्हणतो.

अब्जाधीशच कशाला, मूर्खपणाला वाव खाली फार आहे. पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात लेथ चालवणाऱ्या छोट्या कारखानदाराशी बोला. मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणारा हा माणूस, कारखान्यात आठ-दहा कामगार. बिल टाकल्यापासून पैसे येईपर्यंत तीन-तीन, चार-चार महिने जातात. मधल्या काळात कामगारांचा पगार तो बँकेच्या ओव्हरड्राफ्टवर भागवतो. 2006 च्या कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे आहेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. हे व्याज मागणारा माझ्या ओळखीत कुणी नाही. मागितलं की पुढची ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये जाते. वर्षभर त्याचे पैसे वापरून जो नफा झाला त्यातल्या दोन टक्क्यांत कंपनी त्याच्या मुलाच्या शाळेला दप्तरं वाटते. दप्तर चांगलं असतं. पण त्या मुलाच्या बापाचं बिल वेळेवर दिलं असतं तर दप्तर त्यानेच घेतलं असतं, आपल्या पसंतीचं.

कंत्राटी कामगारांचंही हेच. एकाच यंत्रावर, एकाच पाळीत, कायम कामगाराशेजारी उभा असलेला मुलगा निम्म्या पगारावर आणि दर काही महिन्यांच्या खंडावर काम करतो. त्याच कंपनीच्या प्रवेशद्वाराजवळ कौशल्य विकास केंद्राची पाटी असते.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि शहाण्यांना ती वेडेपणाची वाटेल. सीएसआरचा अहवाल रंगीत कागदावर छापतात, हसऱ्या मुलांच्या फोटोंसह. लहान उद्योगांची देणी किती थकली आणि त्यावर किती व्याज झालं, हाही आकडा कायद्याने त्याच वार्षिक अहवालात द्यावा लागतो. तो हिशोबाच्या टिपांमध्ये, बारीक टाइपात, मागच्या पानांवर असतो. वार्षिक सभेत अध्यक्षांनी भाषणाची सुरुवात त्या ओळीने करावी. त्यानंतर कंत्राटी कामगार किती आणि त्यांचा पगार किती, हे वाचावं. मग दप्तरांचे फोटो दाखवावेत. ज्यांच्याकडे एखाद्या मोठ्या कंपनीचे चार शेअर आहेत, त्यांनी सभेत उभं राहून ती ओळ मोठ्याने वाचायला सांगावं. ती ओळ हिशोबाच्या टिपांमध्ये, 'व्यापारी देणी' या मथळ्याखाली सापडते.