दोन वर्षं जास्तीची

येरवडा म्हटलं की लोकांना कारागृह आठवतं, नाहीतर मनोरुग्णालय. डेक्कन कॉलेजही येरवड्यातच आहे. पीएचडीवाल्यांना विचारा, ते सांगतील: तिन्हीकडे सुटकेची तारीख दुसराच कुणीतरी ठरवतो.

पण शिक्षा सारखी नसते.

२०१८ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त एक पाहणी छापून आली. २६ देशांतले दोन हजारांवर विद्यार्थी, बहुतेक पीएचडीचे. चिंतेने पोखरलेले पुरुष ३४ टक्के, बायका ४३. नैराश्यातही तोच क्रम, ३५ आणि ४१. निष्कर्ष आपल्याकडे तयारच असतो: बायका हळव्या!

हळव्या? त्याच्या पीएचडीला घर चहा पुरवतं, तिच्या पीएचडीला प्रश्न. संपणार कधी? एवढं शिकलेलीला मुलगा कुठून आणायचा? गाईडही काळजीवाहू. लग्न सिनॉप्सिसच्या आधी की नंतर, एवढंच विचारतो. मुलांना हा प्रश्न कुणी विचारल्याचं ऐकलंय?

मग कुणीतरी इरावती कर्व्यांचं नाव काढतं. बर्लिनची डॉक्टरेट, १९३९पासून डेक्कन कॉलेजात, वर घरसंसार. बघा, जमतं की नाही?

जमलं. पण त्यांच्या जर्मनीला जाण्याला सासऱ्यांचा विरोध होता. सासरे कोण? स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले महर्षी धोंडो केशव कर्वे. नवरा, दिनकरराव, पाठीशी उभा राहिला म्हणून त्या गेल्या.

बाकीच्या घरांत महर्षी नाहीत. नुसतेच सासरे आहेत.

यूजीसीला मात्र बायकांचा कळवळा आहे. २०२२च्या नियमांत पीएचडीला सहा वर्षं, पुन्हा नोंदणी केली तर वर दोन आणि स्त्रियांना आणखी दोन. एकूण दहा! शिवाय बाळंतपण-बालसंगोपनाला २४० दिवसांची रजा, तीही फक्त तिला. नवरा-बायको एकाच विभागात पीएचडी करत असले, तरी मूल तिचंच.

आता फेलोशिपचा हिशेब करा. जेआरएफ दोन वर्षं, एसआरएफ तीन. पाच वर्षांनी पैसे बंद. म्हणजे सवलत कसली? बिनपगारी राबायची मुदतवाढ. कामाचे तास बघायचे नाहीत, घरचं काम कोण करतं ते विचारायचं नाही. दोन वर्षं हातावर ठेवली की समता आली.

आणि लैंगिक त्रास झालाच तर? यूजीसीच्याच २०१५च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत तक्रार समिती आहे. तक्रार गाईडविरुद्ध असेल, तर समितीत गाईडच्याच कँटीनमधली मंडळी. प्रबंधावर सहीही त्याचीच. करा तक्रार!

पीएचडी करून पोरं काय दिवे लावणार, असं अजित पवारांनी २०२३च्या डिसेंबरात विधान परिषदेत विचारलं होतं. फेलोशिपचा विषय होता. पोरांचं पोरं बघतील. पोरींना दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं असतं, प्रयोग अर्धा राहिला तरी.