केसांची बदली

केशरोपणाच्या जाहिरातीत ‘नवे केस’ असतात. शस्त्रक्रियेत मात्र एकही केस नवा नसतो. डोक्यामागचे केस मुळासकट काढून पुढे लावायचे, म्हणजे निव्वळ बदली. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ऑरेन्ट्राइश यांनी १९५९ मध्येच दाखवून दिलं, की मागचा केस पुढे आला तरी मूळ स्वभाव सोडत नाही. आपल्याकडे मागच्या बाकावरून पुढे आलेल्यांबद्दल अशी हमी कोण देईल? लावलेले केस आधी काही आठवड्यांत गळतात, पुन्हा उगवायला तीन-चार महिने, डोकं भरलेलं दिसायला वर्ष. दरम्यान शेजारचे जुने केस गळतच असतात. शस्त्रक्रियेच्या कर्जाचे हप्ते संपतात, ही गळती रोखायच्या गोळ्या संपत नाहीत. आणि एवढं सोसून गृहस्थ चारचौघांत सांगतात काय? ‘तेल बदललं!’