उत्तेजनार्थ

शेगाव तालुक्यात एकही बक्षीस न घेता दहावीपर्यंत पोचायचं म्हटलं, तर मुलाला फार जपून राहावं लागेल. ऋषिपंचमीची गर्दी ओसरली, गणपती बोळवले, की इथल्या शाळांना स्पर्धांचा हंगाम लागतो आणि तो दिवाळीच्या सुट्टीलाच थांबतो. निबंध, वक्तृत्व, चित्रकला, रांगोळी, हस्ताक्षर, पाठांतर, वेशभूषा, खो-खो, कबड्डी. एवढ्यातूनही एखादं पोर निसटलंच, तर त्याला ‘शंभर टक्के उपस्थिती’त धरतात. त्यातूनही जे सुटतं ते बहुधा गावातच राहत नसतं.

याला कारण आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रानंतर उघडतात. पुण्याची मुलं पहिला धडा संपवून बसलेली असतात, तेव्हा आमच्याकडे वर्गाची कुलपं तेल घालून उघडणं चाललेलं असतं. जुलै महिना पुस्तकं, गणवेश आणि आधारकार्डावरचं नाव शाळेतल्या नावाशी जुळवण्यात जातो. मग झेंडावंदन, राखी, पोळा. त्यामागोमाग गजानन महाराजांची पुण्यतिथी. महाराजांनी समाधी घेतली ती 8 सप्टेंबर 1910 ला, ऋषिपंचमीच्याच दिवशी; त्या सुमाराला गावात पाय ठेवायला जागा नसते, आणि घरोघरी पाहुणे असताना शाळेत मूल सापडायचं कुठून? राहिलेल्या दीड-दोन महिन्यांत मग घटक चाचणीपासून सत्र परीक्षेपर्यंत सगळं बसवायचं, आणि वरून आलेल्या पत्रांतले सगळे ‘दिन’ही.

या हंगामात मला परीक्षक म्हणून बोलावणी येतात. माझी पात्रता दोन कलमांची: माझं लिहिलेलं कुठंकुठं छापून आलं आहे, आणि मी दुपारी घरी सापडतो. दुसऱ्या कलमाला वजन जास्त. पहिला, दुसरा, तिसरा काढणं अवघड नसतं. ती तीन मुलं पाहताक्षणी कळतात. नाही कळली तर समोर बसलेल्या पोरांच्या तोंडाकडे बघावं, निकाल तिथं आधीच लागलेला असतो. कसोटी लागते ती पुढं. चहाचा कप सरकवता सरकवता मुख्याध्यापक कानाशी येतात. “सर, उत्तेजनार्थ दोन लिहिलेत आपण. चार केले तरी चालतील. प्रमाणपत्रं पन्नास छापून आलीत.”

मी पाच करतो. उत्तेजनार्थ बक्षिसावर माझी श्रद्धा आहे. पहिला आलेला मुलगा पुढं पुण्याला जातो, तिथून बंगळूरला, आणि दिवाळीत दोन दिवस येऊन ‘गाव किती बदललं’ असं म्हणून परत जातो. उत्तेजनार्थवाला इथंच राहतो. कृषी केंद्र टाकतो, ग्रामपंचायतीत निवडून येतो, आपल्या पोराच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर बसतो आणि पुढच्या वक्तृत्व स्पर्धेची ढाल वडिलांच्या स्मरणार्थ तोच देतो. तालुका चालतो तो या मंडळींवर. त्यांना पन्नासातलं एक प्रमाणपत्र द्यायला कुणाचं काय जातं?

वक्तृत्वाबद्दल मात्र थोडी तक्रार आहे. ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो’ इथून निघालेली गाडी ‘जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत’ या फाटकापर्यंत प्रत्येकाची सारख्याच वेगाने येते. फाटकाच्या पुढं काय होईल याचा नेम नाही. 2 ऑक्टोबरला एका सहावीतल्या वक्त्याचं महात्मा गांधींवरचं भाषण मध्येच लालबहादूर शास्त्रींच्या रुळावर गेलं आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत दोघांनी मिळून देशाला ‘जय जवान, जय किसान’चा नारा दिला. मी त्याला उत्तेजनार्थ दिलं. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन माणसांची गाठ घालून देणं हे काही लहान काम नाही.

पंधरा ऑक्टोबरचं त्याहून कठीण. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस म्हणून राज्यात तो 2015 पासून वाचन प्रेरणा दिन आहे, आणि नेमका तोच जागतिक हात धुवा दिनही आहे. दोन्हींचे फोटो त्याच दिवशी केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर पडायला हवेत. त्यामुळं सकाळी पोरं पुस्तक घेऊन ओट्यावर बसतात, तासाभरानं उठून नळाशी रांग लावतात, आणि घाईत एखाद्याच्या हातात साबण व पुस्तक दोन्ही राहून जातात. वाचनाने हात ओले झालेली पिढी मी इथं पाहिली आहे.

ग्रेड परीक्षेचा हंगामही हाच. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, म्हणजे आमच्या बोलण्यातलं ‘इलेमेंट्री’. वस्तुचित्राला कितीही सुबक तांब्या ठेवा, त्याच्या कडेला पोरं सवयीनं कचोरी काढतात. स्मरणचित्राचा विषय ‘बाजार’ असो की ‘पावसाळ्यातील एक दिवस’, मागं मंदिराचं शिखर येतंच. मी म्हणतो, येऊ द्या. ज्याच्या खिडकीतून जे दिसतं ते त्याच्या स्मरणात राहणार.

हे सगळं बक्षीसप्रकरण चालतं तेही कुठल्या गावात? तर आपलं नाव न लावता काम करण्यासाठी जे गाव ओळखलं जातं त्या गावात. गजानन महाराजांच्या संस्थानात हजारो सेवाधारी पाळीपाळीनं येतात. पांढऱ्या कपड्यांत कुणी चपला सांभाळतो, कुणी रांगेला पाणी देतो, कुणी महाप्रसादाची ताटं वाढतो, कुणी नुसतं झाडतो. त्यात व्यापारी असतात, शेतकरी असतात, निवृत्त अधिकारी असतात. कोण कोण ते विचारायची रीत नाही. मोबदला नाही, हार नाही, फोटो नाही. ज्या शिवशंकरभाऊ पाटलांनी कित्येक दशकं हा सारा व्याप सांभाळला ते 4 ऑगस्ट 2021 ला गेले. ते संस्थानचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत, असं गावात अजून सांगतात.

आणि याच देवळाच्या परिसरात 2 ऑक्टोबरला पोरं शाळेचं पटांगण झाडतात. आधी झाडू उंच धरून फोटो, मग झाडणं, मग झाडल्याचा फोटो. त्या फोटोवर तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश सगळं उमटतं. पटांगणाच्या अमुक कोपऱ्यात अमुक वाजता कचरा नव्हता, हे आता उपग्रहाला ठाऊक असतं. दुपारी ‘स्वच्छतादूत’ अशी रंगीत प्रमाणपत्रं वाटली जातात.

चौथीतल्या एका पोराचा बाप सेवाधारी. पोरगं ते प्रमाणपत्र छातीशी धरून मला सांगत होतं, “आमचे बाबा देवळात किती सालापासून झाडतात, त्याइले एकबी सर्टिफिकेट नाई भेटलं. मले एका दिवसात भेटलं.” आवाजात गर्व कमी आणि बापाबद्दलची कणव जास्त. बाप जवळच उभा होता. तो हसला, प्रमाणपत्र घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाला, “नावात काना राह्यला जी.”

काना खरंच राहिला होता. त्या कान्यापाशी मी जरा रेंगाळलो. प्रमाणपत्रांची ही खैरात म्हणजे देवळाच्या शिकवणीच्या अगदी उलट आहे, पोरांना आतापासून मिरवायची सवय लावता, असं म्हणणारे शिक्षक मला भेटतात, आणि ते चांगले शिक्षक असतात. मला त्यांचं पटत नाही. बापाला आपलं नाव बाजूला ठेवता येतं, कारण ठेवण्याजोगं नाव त्याच्यापाशी आहे. गावात त्याला लोक ओळखतात, उसनं देतात, लग्नाला बोलावतात. चौथीतल्या पोरापाशी अजून हजेरीपटावरचा नंबर आहे. त्याचं नाव एकदा तरी कुणीतरी माईकवरून घ्यावं, छापून द्यावं, जमल्यास कान्यासकट द्यावं. पुढं सोडायचंच तर आधी हातात तरी पडू द्या.

भुलाबाईची मात्र शाळेनं स्पर्धा केली तेव्हा मला ते खटकलं. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई माहेरी येते ती कोजागरीपर्यंत राहते. ज्वारीच्या धांड्यांचा मखर करायचा, भुलाबाई-भुलोजी मांडायचे, घरोघर गाणी म्हणायची आणि शेवटी डबा खडखडवून आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. ओळखलं तर खायचं, नाही ओळखलं तरी खायचं. हरण्याची सोयच ठेवलेली नाही. त्याला ‘सादरीकरण 40, वेशभूषा 30, वेळेचे भान 30’ असे गुण लावले, आणि पोरी प्रथमच भुलाबाईपुढं घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. तिथं मी सगळ्या गटांना सारखे गुण देऊन मोकळा झालो. डब्यात मुरमुऱ्याचा चिवडा होता.

एरवी आमच्या पोरांच्या पराक्रमाची धाव तालुक्यापर्यंत. पण एखादा ऑक्टोबर वेगळा निघतो. 2023 साली इकडे सोयाबीन वाळत पडलं होतं आणि 5 ऑक्टोबरला तिकडे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंड तिरंदाजीच्या पुरुष संघानं दक्षिण कोरियाला 235–230 असं हरवून सुवर्णपदक घेतलं. त्या तिघांत अभिषेक वर्मा आणि नागपूरचा ओजस देवतळे यांच्याबरोबर आपल्या बुलढाण्याचा प्रथमेश जवकार होता. त्याच वर्षी मे महिन्यात शांघायला त्यानं जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या माइक श्लोसरला 149–148 असं, एका गुणानं, मागं टाकलं होतं. पुढचे काही आठवडे इथं मागच्या सालच्या तुऱ्हाट्या सरपणातून गायब होऊन बाण म्हणून उडत होत्या. एका मुख्याध्यापकांच्या कपाटात जप्त केलेल्या धनुष्यांचा ढीग होता. जिल्ह्याचं नाव जगात गेलं याचा आनंद आणि खिडकीची काच फुटली याचा राग, दोन्ही त्यांनी एकाच परिपाठात व्यक्त केले.

खरा प्रश्न असतो खेळाडू मिळवण्याचा. तालुका क्रीडा स्पर्धा आणि सोयाबीनची सोंगणी एकाच पंधरवड्यात येतात, आणि पाठोपाठ कापसाचा पहिला वेचा. पूर्णेकडच्या एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेचा चौदा वर्षांखालील मुलींचा खो-खोचा संघ असाच शेताशेतांतून गोळा करावा लागतो. सर मोटारसायकल बांधावर लावून हाक मारतात. आई मान वर न करता म्हणते, “न्या जी, पन दुपारून न्या. दोन तासं राह्यले.” सर दोन तासं संपेपर्यंत बांधावर बसून राहतात. एकदा तर स्वतःच विळा घेऊन बसले होते, असं ऐकलं. विचारल्यावर त्यांनी नाकारलं, पण बोटाला पट्टी होती.

त्या मुली चांगल्या खेळतात. उन्हात दिवसभर उकिडवं बसून सोंगणाऱ्या पोरीला पाटीवर उकिडवं बसणं म्हणजे आराम, आणि कपाशीच्या ओळींमधून लहान भावाला पकडणारीला साखळी पळायला शिकवावी लागत नाही. गेल्या वर्षी त्यांनी तालुका जिंकला. सरांनी पदरचे पैसे घालून सगळ्यांना कचोरी दिली. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीर्थराम शर्मांनी स्टेशनवर विकायला सुरुवात केलेली ही कचोरी आता शेगावची ओळख आहे, आणि तालुक्याच्या विजयाचं अधिकृत पदकही.

मग जिल्हा, म्हणजे बुलढाणा. खामगाव सोडलं की बोथ्याचा घाट आणि ज्ञानगंगेचं अभयारण्य लागतं. निम्म्या मुलींना घाटात गाडी लागली, उरलेल्या अस्वल दिसतं का म्हणून खिडकीला चिकटल्या. सरांनी त्यांना त्या वाघाची गोष्ट सांगितली: यवतमाळच्या टिपेश्वरमधून 2019 साली निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तरणा वाघ, जो तेराशेच्या वर किलोमीटर चालून डिसेंबरात याच जंगलात येऊन राहिला. मुलींनी शांतपणे ऐकून घेतलं. एकीनं विचारलं, “त्याले काय भेटलं सर?” सर म्हणाले, रानडुक्कर.

बुलढाण्याला पहिल्याच सामन्यात त्या एका डावानं हरल्या. समोरच्या मुलींच्या पायात बूट होते, म्हणून हरल्या असं नाही. त्या खरंच जास्त चपळ होत्या, आणि हे आमच्याच कर्णधारानं परतीच्या वाटेवर सगळ्यांना सुनावलं. प्रमाणपत्रं मात्र देखणी मिळाली. वर सोनेरी अक्षरांत ‘जिल्हास्तर’, खाली बारीक अक्षरांत ‘सहभाग’.

दुसऱ्या दिवशी कर्णधाराची आई शाळेत आली. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण असतं हे तिनं कुठूनसं ऐकलं होतं. “सर, हे चालते का त्यात?” सरांनी समजावलं, की त्याला याहून बरंच वर खेळावं लागतं, विभागाला अमरावती, मग राज्य, मग त्याच्याही पुढं. तिनं बोटावर पायऱ्या मोजल्या. मग प्रमाणपत्र पदराआड धरलं आणि म्हणाली, “असू द्या. आज बाजार हाय, लॅमिनेशन करून आनते. अन् पुढच्या साली तिले सोयाबीनीच्या आंधीच घेऊन जा.”