पलीकडचं तळं

स्कॉटलंडमधल्या इनव्हरनेसला आमच्या शेजारी एक निवृत्त गणिताचे मास्तर राहतात. घरात आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांना ट्राउट धरण्याचं वेड आहे. ट्राउट नदीत मिळतो, रस्त्याकडेच्या तळ्यातही मिळतो. पण गाडीतून दिसणाऱ्या पाण्याला आबा तळं मानतच नाहीत. वायव्येला असिंटच्या माळावर कुणीतरी शाईचं पेन झटकावं तशी शेकडो तळी विखुरली आहेत. त्यांपैकी नकाशावर जेमतेम दिसणारं एखादं त्यांना हवं असतं. वाट नसते. गुडघाभर हेदरची झुडपं, खाली भसकन पाय जाणारी काळी माती. “फार लांब नाही, त्या उंचवट्यामागेच,” असं आबा प्रत्येक उंचवट्यापाशी म्हणतात.

पोचल्यावर आधी थर्मासमधला चहा, मग वाऱ्याची चौकशी. वारा पूर्वेचा असेल तर मासा लागत नाही. ऊन असेल तर मासा तळाशी बसतो. वारा पडला तर पाणी हलत नाही, आणि मिज नावाची चिलटं कानाच्या पाळीपासून जेवायला सुरुवात करतात. आबांच्या पसंतीचा दिवस हायलँड्समध्ये अजून उगवायचा आहे. दोरीला पिसांच्या तीन खोट्या माश्या: सर्वांत वर केट मॅकलॅरन, टोकाला ब्लॅक पेनेल. मधली कोणती, यावर त्यांचा स्वतःशीच वाद चालतो.

मासा लागतो तो वीतभर. त्या काळ्या मातीमुळे, म्हणजे पीटमुळे, पाणी आंबट, त्यात खायला फारसं नाही. वाढणार कसा बिचारा! आबा त्याची माफी मागून त्याला सोडतात आणि ठरलेलं वाक्य म्हणतात, “मोठे पलीकडच्या तळ्यात आहेत.”

ते तळं कोणतं, हे मात्र विचारायचं नाही. कवी नॉर्मन मॅकेग हे आबांचं दैवत. तेही मास्तर, तेही असिंटला गळ टाकणारे. अखेरच्या दिवसांत त्यांनी लेखक अँड्र्यू ग्रेग यांना सांगितलं, ग्रीन कॉरीच्या तळ्यावर माझ्यासाठी मासा धर. तळं कुठे आहे आणि त्याचं खरं नाव काय, हे त्यांनी सांगितलंच नाही. मृत्युपत्र असावं तर असं, असं आबांचं मत आहे.

गेल्या उन्हाळ्यात मालवणची मावशी आमच्याकडे आली होती. आबांनी मोठ्या मानाने तिला दिवसभराचे तीन ट्राउट आणून दिले. मावशीने ते उलटेपालटे करून पाहिले आणि मला म्हणाली, “ह्येंच्या वाटणाचो खर्च तरी सुटात काय रे?” काय म्हणाली, असं आबांनी विचारलं. आवडले म्हणाली, असं मी सांगितलं. तेव्हापासून ते मावशीची तब्येत विचारतात.

6 ऑक्टोबरला हंगाम संपतो. मग हिवाळाभर भिंग घेऊन नकाशा. परवा कुंपणावरून विचारत होते, 15 मार्चला मोकळा आहेस का? त्या दिवशी हंगाम उघडतो. वरची तळी तेव्हा गोठलेली असू शकतात, असं मी म्हटलं.

“ही, हो,” आबा म्हणाले. “पलीकडचं नाही.”