चाळीस पोरं मोजा

2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये कराड देशात पहिलं आलं. घंटागाडी ठरल्या वेळी दारोदार गेली, ओला-सुका कचरा वेगळा झाला, त्याचा रोजचा हिशेब राहिला, म्हणून ते जमलं. ज्या गावाला रोजचा कचरा मोजता येतो, त्याला माझा एकच प्रश्न आहे. कोयनाकाठच्या आपल्या वस्त्यांमध्ये सहा वर्षांखालची पोरं किती आहेत आणि त्यातली किती कमी वजनाची आहेत, हा आकडा नगरपालिकेत कुणाच्या टेबलावर आहे?

कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मेळघाट येतं, जव्हार-मोखाडा येतं. यायलाच हवं. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अख्ख्या महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली, 36.1 टक्के कमी वजनाची, आणि 68.9 टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी. सहा महिने ते दोन वर्षं या वयात तर दहातल्या एकालाही पुरेसा आहार मिळत नव्हता. हे सगळं काही डोंगरात घडत नाही. एकात्मिक बालविकास योजना 1975 मध्ये सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात ती दोन ठिकाणी आली: एक मेळघाटातलं धारणी, दुसरी मुंबईची धारावी. म्हणजे झोपडपट्टीतलं मूल पहिल्या दिवसापासून योजनेत होतं. पुढे धारावी आणि धारणी यांच्या मधली गावं, कराडसारखी, कुणाच्याच नजरेत राहिली नाहीत.

पाटण कॉलनीसारख्या नदीकाठच्या वस्तीतल्या, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाईचा दिवस बघा. सकाळी सातला ती विद्यानगर नाहीतर मलकापूरच्या बंगल्यांवर निघते. त्या वेळी अंगणवाडीला कुलूप असतं. ती दुपारी परत येईपर्यंत अंगणवाडी सुटलेली असते. दीड-दोन वर्षांचं पोर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्याची न्याहारी म्हणजे चहात बुडवलेली खारी. रडलं की पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट. पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. अंगणवाडीतून घरी मिळणारं पाकीट आलंच तर घरातली सगळी पोरं वाटून खातात, आणि भुकेल्या घरात ते तसंच होणार.

त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे दूध. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. नोकरदार बाईला 2017 पासून कायद्यानं 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. धुण्याभांड्याच्या बाईला एक दिवसाचीही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती कामावर जाते, कारण नाही गेली तर ते घर दुसरी बाई धरते. मग बाळाला पाणी घातलेलं वरचं दूध, न उकळलेली बाटली, आणि हगवण. दोन हगवणींत महिन्याभरात चढलेलं वजन उतरतं. भिंतीवरचा उपदेश वाचून हे थांबणार नाही. आईला घरी राहता येईल एवढे पैसे तिच्या हातात हवेत.

ते पैसे द्यायचं कायद्यानं कबूल केलेलं आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 4 नुसार प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6000 रुपये; सरकारी नोकरीतल्यांसारख्या ज्यांना आधीच असा लाभ मिळतो त्या वगळून. प्रत्यक्षात देशभर योजना यायला 2017 उजाडलं. आली ती पहिल्या बाळापुरती, 5000 रुपयांची. आता दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर 6000, मुलगा झाला तर काही नाही. दुसऱ्या बाळंतपणात आईचं रक्त कमी होत नाही, असं कुठल्या डॉक्टरनं सांगितलं?

आता ताटाकडे या. अंगणवाडीतल्या मुलाच्या आहाराचा खर्च 2017 मध्ये ठरला: दिवसाला 8 रुपये. गरोदर बाईला साडेनऊ. आठ रुपयांत आज बाजारात एक अंडं येतं. तेल, डाळ, गॅस कशात बसवायचा? आदिवासी भागात 2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर बाईला एक वेळचं चौरस जेवण मिळतं, पुढे लहान मुलांना अंडी-केळीही सुरू झाली. चांगलंच झालं. कराडच्या वस्तीतल्या गरोदर बाईला मात्र पाकीटच. तिच्या पोटातलं बाळ नगरपालिका हद्दीतलं आहे, एवढाच फरक.

यासाठी अंगणवाडी सेविकांवर राग काढू नका. मानधनासाठी त्यांना 2023 च्या डिसेंबरपासून पन्नासहून जास्त दिवस संपावर बसावं लागलं. 2025 च्या जुलैपासून पाकीट द्यायचं तर आईचा चेहरा मोबाईलवर जुळवायचा हुकूम आला. आई त्या वेळी दुसऱ्याच्या घरी भांडी घासत असते. चेहरा जुळायला तो तिथे असायला तर हवा.

हे बदलत नाही असं कुणी म्हणू नये. महाराष्ट्रानं बदलून दाखवलंय. 2005 मध्ये औरंगाबादेतून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं, रिकामी पदं भरली गेली, पहिल्या हजार दिवसांवर सगळं लक्ष लावलं. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण 39 टक्क्यांवरून 2012 च्या पाहणीत 23 टक्क्यांवर आलं. सरकारी यंत्रणेनंच केलं, याच राज्यात.

नगरपालिका म्हणेल, अंगणवाडी आमच्याकडे येत नाही. खरं आहे, ती महिला व बालविकास खात्याची. पण महिला व बालकल्याणासाठी अर्थसंकल्पातला 5 टक्के निधी राखायचं बंधन नगरपालिकांवरच आहे, आणि ठिकठिकाणी तो शिलाई यंत्रं आणि प्रशिक्षण वर्गांत संपतो. त्यातून वस्तीत सकाळी सातला उघडणारं पाळणाघर चालवा. केंद्राच्या पाळणा योजनेत सहा महिन्यांपासूनची मुलं अंगणवाडीतच सांभाळायची सोय आहे, ती कराडला मागून घ्या. तिथे गरम वरणभात, उसळ, उकडलेलं अंडं द्या.

आणि वस्तीतल्या मंडळांनो, बचत गटाच्या ताईंनो, तुमच्या हातात एक धारदार कागद आहे. 13 डिसेंबर 2006 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय: ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीनं मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळाली पाहिजे. झोपडपट्टीचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. अंगणवाडी आहे पण आहारच मिळत नाही, तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 8 खाली भत्ता मागता येतो. येत्या रविवारी गल्लीगल्लीतून फिरा. नाव, वय आणि दंडाचा घेर लिहा. सहा महिन्यांवरच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली दिसला तर त्याला त्याच दिवशी वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालयात न्या. यादीत चाळीस नावं झाली की सोमवारी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या, एक प्रत मुख्याधिकाऱ्यांना द्या, आणि दोन्हीकडून तारखेची पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नका.