टेबलापलीकडच्या सन्माननीय महोदयांस

आदरणीय, गुणग्राहक, रोखीचे धनी महोदय यांच्या सेवेसी,
कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

माझ्या धाकट्या भावाचं लहानपण आपण एका बैठकीत, एका आकड्यात मार्गी लावून दिलंत, त्याबद्दल आमच्या सगळ्या घराच्या वतीने आभार मानायला हे पत्र लिहीत आहे. न्यू जर्सीतल्या ज्या हॉटेलच्या हॉलमध्ये रविवारचा कार्डांचा बाजार भरतो, तिथे टेबलांच्या रांगाच्या रांगा होत्या. त्यांतून त्याची पावलं नेमकी आपल्या टेबलाकडे वळली, ही आमची पूर्वपुण्याईच म्हणायची.

आपल्याला मराठी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी पत्र मराठीतच लिहिते आहे. एडिसनपासून डॅलसपर्यंत, आणि मुलांना घेऊन पुण्याला परतलेल्या कितीतरी घरांत, कपाटाच्या वरच्या फळीवर, माझ्या भावाची होती तशी, पोकेमॉन कार्डांची एखादी बाइंडर अजून असेल. आपल्या गुणांची ओळख त्या घरांना आधी व्हायला हवी.

सर्वप्रथम आपल्या आपुलकीबद्दल. बाइंडर उघडण्याआधी आपण किती मायेने विचारलंत, “का विकतोयस रे?” आमचा मुलगा सरळ. घराचं बोलणं पक्कं झालंय, महिनाअखेर पैसे भरायचे आहेत, असं तो सांगून मोकळा झाला. आपण मान डोलावलीत, घराबद्दल अभिनंदनही केलंत. त्याची निकड आपल्या खिशात गेली ती त्याच क्षणी, एकही पान उलटायच्या आत.

मग आपलं बोट पानांवरून फिरू लागलं. एका पानावर नऊ खण, आणि आपली नजर एका दमात नऊही खण टिपणारी. ‘जंगल’ आणि ‘फॉसिल’ या संचांच्या पानांपाशी ते बोट किंचित थबकलं आणि लगेच पुढे गेलं. हे भावाने मला नंतर सांगितलं. एवढी मोलाची वस्तू समोर असताना चेहऱ्यावर रेषही हलू न देण्यासाठी किती वर्षांचा सराव लागत असेल!

आपल्या ज्ञानदानाचे उपकार तर कसे फेडू? पोकेमॉनची इंग्रजी कार्डं १९९९ च्या जानेवारीत अमेरिकेत आली. विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी ती छापत असे. मूळ संच १०२ कार्डांचा. त्याच वर्षी जूनमध्ये ‘जंगल’ आला, ऑक्टोबरमध्ये ‘फॉसिल’. प्रत्येक संचाच्या पहिल्या छपाईवर चित्राच्या खाली डावीकडे एक बारीक काळा शिक्का असतो: १ चा आकडा आणि ‘एडिशन’. तो शिक्का असला की कार्डाचा भाव वेगळा, हे माझ्या भावाला माहीत होतं. त्याने तसं विचारलंही.

आपण हसलात. बाइंडरमधून त्याचाच ‘मचॅम्प’ काढून समोर धरलात आणि म्हणालात, “हे बघ, यावरही शिक्का आहे, आणि हे कार्ड ढिगाने मिळतं. शिक्क्याला कोण विचारतो?” महोदय, मचॅम्पबद्दल आपण अक्षरशः खरं बोललात. तो दोघांनी खेळायच्या सुरुवातीच्या डब्यात येत असे, आणि छपाई कितीदा झाली तरी त्याच्यावरचा शिक्का तसाच राहिला, म्हणून तो ढिगाने मिळतो. पण शिक्क्याची ही गंमत त्या एका कार्डापुरती. त्याच्या आडून आपण ‘जंगल’ आणि ‘फॉसिल’मधल्या शिक्केवाल्या चकाकत्या कार्डांवर बोळा फिरवलात. खोटं बोलणारे पुष्कळ भेटतात. एका खऱ्या वाक्यात एवढं मोठं खोटं बसवणारे आपणच.

पुढे आपण मोबाइल काढून त्याला भावही दाखवलेत. दुकानदार मागतो तो भाव खरा नाही, खरोखर विकल्या गेलेल्या कार्डांचा भाव बघायचा, हे आपणच त्याला समजावलंत. हा सल्ला सोन्यासारखा आहे, आणि प्रत्येक वाचकाने तो गाठीला बांधावा. फक्त आपण दाखवलेली विक्री बिनशिक्क्याच्या, नंतरच्या छपाईच्या कार्डाची होती, आणि तेही कोपरे दुमडलेल्या. एवढा किरकोळ तपशील सांगून आपण त्याचं डोकं शिणवलं नाहीत.

आपल्या नजरेविषयी काय बोलावं! पाठीमागच्या निळ्या कडेवरचे पांढुरके ठिपके, चकाकत्या भागावरचे ओरखडे, चित्र चौकटीत किंचित डावीकडे सरकलेलं, सगळं आपण भिंगाखाली दाखवलंत. “दहापैकी सहाच्या वर काही जाणार नाही,” असा निकालही दिलात. काही दिवसांनी तीच कार्डं आपल्या नावाने ऑनलाइन विकायला आली, तेव्हा त्यांच्यासमोर लिहिलं होतं: ‘जवळपास नव्यासारखी’. आपल्या सहवासात जुन्या कार्डांच्या कडाही भरून येतात, हे आम्हाला नवीनच.

तीच कशावरून, असं आपण विचाराल. आपल्या दुर्दैवाने माझा भाऊ व्यवस्थित आहे. बाजारात जाण्याआधी त्याने प्रत्येक कार्डाचे पुढून-मागून फोटो काढले होते. चकाकत्या कागदावरची ठिपक्यांची नक्षी प्रत्येक कार्डावर वेगळ्या जागी पडते. ती ताडून पाहिली आणि जुळली. शिवाय एका पिकाचूच्या पाठीवर त्याने लहानपणी बॉलपेनने ‘अ’ काढला होता. आमच्या आईने रविवारी जेवणाच्या टेबलावर बाराखडी गिरवून घेतली, त्यातला तो ‘अ’. त्या खुणेमुळे “सगळा लॉटच डागाळलेला” म्हणून आपण रक्कम खाली आणलीत. विकताना मात्र त्या ‘अ’ने बाकीच्या एकाही कार्डाला डाग लावला नाही.

आपल्या क्षेत्राला थोर परंपरा आहे, हे मी जाणते. १९०९ ते १९११ च्या दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून आलेलं होनस वॅगनरचं बेसबॉल कार्ड १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झकीने भागीदारीत ४,५१,००० डॉलरला घेतलं. पीएसए या दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने त्याला दहापैकी आठ गुण दिले. एवढ्या जुन्या कार्डाच्या कडा इतक्या धारदार कशा, हे कोडं वर्षानुवर्षं होतं. २०१३ मध्ये लिलावदार बिल मॅस्ट्रो यांनी कबूल केलं की ते कार्ड त्यांनी बाजूने कापलं होतं. लिलावांतल्या फसवणुकीबद्दल २०१५ मध्ये त्यांना वीस महिन्यांची कैद झाली. त्यांना निदान पातं वापरावं लागलं. आपलं काम नुसत्या जिभेने झालं.

नोटांचा तो पंखा मी कसा विसरेन? आपल्या धंद्यातले ‘मिस्टर मिंट’ म्हणून गाजलेले ॲलन रोझन रोख रकमेची ब्रीफकेस घेऊन फिरत. समोर नोटा पसरल्या की विकणाऱ्याचा विचार थांबतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपणही शंभराच्या नोटा टेबलावर मांडल्यात आणि म्हणालात, “हा भाव आज संध्याकाळपर्यंतच. बाजार पडतोय.” जी कार्डं पंचवीस वर्षं कपाटात स्वस्थ पडून होती, त्यांना संध्याकाळपर्यंतची मुदत कोणी घातली? त्यांना नव्हतीच. मुदत घराच्या पैशांना होती, आणि ती आपण हळूच उचलून कार्डांना चिकटवलीत.

बाजार चढतो-पडतो, हे मलाही कळतं. २०२०-२१ च्या टाळेबंदीत लोकांनी माळे उपसले, भाव आकाशाला भिडले. मार्च २०२१ च्या अखेरीस पीएसएला कार्डांच्या ढिगापुढे आपल्या बहुतेक सेवा काही काळ थांबवाव्या लागल्या. मे महिन्यात ‘टार्गेट’ या दुकानसाखळीने गिऱ्हाइकांच्या सुरक्षेसाठी ही कार्डं दुकानांतून काढून घेतली. पुढे पुष्कळ भाव उतरले. असल्या लाटेवर नेमकं कधी विकावं, हे सांगणारा देव कोणाला भेटलेला नाही. पण दोन प्रश्नांची उत्तरं विकणाऱ्याकडे असावी लागतात: माझ्याकडे नेमकं काय आहे, आणि आज न विकता मी घरी जाऊ शकतो का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते टेबलापलीकडच्या माणसाला कळता कामा नये. आपल्याला ते पहिल्याच मिनिटाला कळलं होतं.

आपल्या नफ्याबद्दल माझी तक्रार आहे, असं कृपा करून समजू नये. दुकानदाराला टेबलाचं भाडं असतं, माल पडून राहण्याचा धोका असतो. बाजारभावापेक्षा बरंच कमी देऊन त्याने माल उचलला तर त्यात गैर काही नाही. लोक तसं समजून-उमजून देतातही, कारण एकेक कार्ड ऑनलाइन विकायचं म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त कमिशन, टपाल, परतीची कटकट. आमच्याकडे सराफ मोड घेताना तूट धरतो, पण वजन गिऱ्हाइकासमोर करतो आणि काटा दिसू देतो. आपण तूट मनसोक्त धरलीत, तेव्हा काटाही दिसू द्यायचा होतात. एवढीच माझी नम्र तक्रार आहे, आणि ती मी आयुष्यभर करणार आहे.

पावती न दिल्याबद्दलही आभार मानायलाच हवेत. वर्षाहून अधिक काळ जपलेल्या अशा संग्रहाच्या वस्तू विकून नफा झाला, तर अमेरिकेत त्यावर २८ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागू शकतो. हिशोबाला कागद लागतो. आपल्याकडे कागदी फक्त नोटा होत्या.

आता आमच्या बाबांचा निरोप. १९९९ मध्ये अनेक शाळांनी या कार्डांवर बंदी घातली होती. मुलं वर्गात सौदे करत आणि मधल्या सुट्टीत भांडत. बाबांना या देशात येऊन फार वर्षं झाली नव्हती, पगार बेताचा होता. तरी शनिवारी एडिसनच्या ओक ट्री रोडवरून डाळ-तांदूळ घेऊन परतताना ते अकरा कार्डांचं एखादं पाकीट आणत. पाकीट फाडल्यावर पोरगं ज्या आवाजात ओरडे, तो ऐकायला ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. पोराची नवी शाळा, नवी भाषा, एकही मित्र नाही. पहिला मित्र मिळाला तो या कार्डांच्या अदलाबदलीत. पुढे प्रत्येक घरबदलात ती बाइंडर बाबांनी सामानाच्या ट्रकमध्ये टाकली नाही, गाडीत स्वतःजवळ ठेवली. “पोराच्या घराला उपयोगी पडेल,” असं ते म्हणत. पडली उपयोगी, पण आपल्या घराला. भाव ऐकून ते काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, “त्या माणसाला मुलं आहेत का?” उत्तर असल्यास कळवावं.

माझ्या भावाला लोक आता ऐकवतात, की लहानपणीच्या वस्तू विकायच्याच कशाला. मला हे पटत नाही. बाबांनी जपलेल्या कार्डांतून पोराचं घर उभं राहणार असेल तर ती विकण्याइतकं चांगलं दुसरं काय? विकण्यात लाज नाही. त्या कार्डांतलं किती त्याच्या हाती पडायचं होतं आणि किती पडलं, याचा संताप आहे.

आपल्याच कृपेने घरात एक शाळा सुरू झाली आहे. बाबांच्या कपाटात अजून एक खोकं निघालं, २००० सालचा ‘टीम रॉकेट’ संच आणि त्यानंतरचे काही. भावाने प्रत्येक कार्ड मऊ पारदर्शक पाकिटात घातलं, मोलाची त्यावर कडक प्लास्टिकच्या कव्हरात. एकही पुसलं नाही, कारण पुसण्याने चकाकीवर ओरखडे येतात. मूळ संचातली काही उरलेली कार्डं होती. त्यांच्या चित्राच्या चौकटीला उजवीकडे सावली आहे का, हे आम्ही दिव्याखाली पाहिलं. सावली नसलेली छपाई आधीची. यादी केली, आणि प्रत्येकासमोर तशाच छपाईच्या, तशाच स्थितीतल्या कार्डाची झालेली विक्री लिहिली. दर्जा ठरवायला पाठवण्याची फी ज्यांच्या किमतीत सहज निघेल, एवढीच वेगळी काढली. बाकीची तो दोन-तीन दुकानदारांना दाखवेल, एकाचा आकडा दुसऱ्याला न सांगता. कधी, ते तो ठरवेल. घराचे पैसे भरून झाले आहेत, त्यामुळे आता त्याला घाई नाही.

तेव्हा आपणही अवश्य यावं. बसायला खुर्ची मिळेल, चहा मिळेल, यादीची प्रत मिळेल. भिंग आमच्याकडेही आहे.

जाता जाता एक विनंती. तो पाठीवर ‘अ’ असलेला पिकाचू विकला गेलेला नसेल तर कृपया बाजूला काढून ठेवावा. आपण लावाल ती किंमत द्यायला मी तयार आहे, घासाघीस करणार नाही. पावती मात्र लिहून लागेल.

कळावे.
आपल्या एका गिऱ्हाइकाची मोठी बहीण